नापास मलम

सशाला दुखलं तर तो ओरडत नाही. ओरडलाच तर समजावं की जिवावर बेतलं आहे. एरवी तो डोळे अर्धे मिटतो, कान पाठीवर टाकतो आणि अंग चोरून गप्प बसतो. ज्याला सशांची सवय नाही त्याला वाटतं, बघा कसा शहाण्यासारखा बसलाय. औषधं तपासणाऱ्या त्या संस्थेत असं वाटणारे पुष्कळ होते. शहाण्यासारखा बसलेला ससा आणि दुखणं गिळून बसलेला ससा यांतला फरक कळणारा माणूस एकच होता आणि त्याला सगळे मामा म्हणत.

मामा हे काही त्यांचं पद नव्हतं. पदाचं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर राहत असे. नवीन माणूस संस्थेत आला की पहिले काही दिवस 'अहो' म्हणायचा, मग आपोआप 'मामा' म्हणायला लागायचा. संचालकांना सगळे मोठे साहेब म्हणत आणि मोठे साहेबही मामांना मामाच म्हणत. मामांना सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे खरी भाचरं असण्याचा प्रश्नच नव्हता. हा असा आयता मामेपणा त्यांना मनापासून आवडायचा.

इमारतीच्या मागच्या अंगाला सशांचं घर होतं. घर कसलं, एक लांब खोली. दोन्ही भिंतींना लोखंडी पिंजऱ्यांच्या रांगा, वाळलेल्या गवताचा आणि फिनेलचा मिसळलेला वास आणि टोकाला एक मोठी खिडकी. मामांचं सगळं आयुष्य या दारापासून त्या खिडकीपर्यंत गेलं होतं. मामांच्या मागे ससेमिरा लागलाय, हा संस्थेतला विनोद आता इतका जुना झाला होता की तो करणाऱ्यालाही हसू येत नसे.

काम असं. सशाच्या पाठीवरचे केस हळूच काढायचे, तेवढ्या जागेवर नवं मलम किंवा औषध लावायचं, वर जाळीचं कापड ठेवून पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायची, पाठ पुसायची, ससा मांडीवर घेऊन खिडकीच्या उजेडात नीट बघायचं आणि मार्क द्यायचे. पाठ जशीच्या तशी राहिली तर शून्य. जेमतेम गुलाबी झाली तर एक, स्पष्ट गुलाबी तर दोन, लाल तर तीन आणि लालबुंद होऊन सुजली तर चार. नियम असा की पहिल्याच सशांना तीन-चार मार्क पडले तर तपासणी तिथेच थांबवायची. उरलेल्या सशांना ते लावायचंच नाही आणि लावलेल्यांच्या पाठी धुऊन काढायच्या. एक-दोन पडले तर मात्र तेच औषध त्याच पाठीवर रोज, आठवडेच्या आठवडे.

आता यातच मामांची गोम होती. त्यांना एक दिसलं तरी ते तीन म्हणत, दोन दिसलं तरी तीन. ससा आधीच खंगलेला असला तर सरळ चार. याला ते खोटं बोलणं म्हणत नसत. खरं तर याला ते काहीच म्हणत नसत. ससा मांडीवर घेतला की त्याच्या छातीची धडधड तळहाताला लागायची आणि मग डोळ्यांना लाल जरा जास्तच दिसायचं, एवढंच. माणसाने स्वतःची अशी समजूत एकदा काढली की ती पुन्हा पुन्हा काढावी लागत नाही.

दुसरी सही जनावरांच्या डॉक्टरांची लागे. डॉक्टर भला माणूस, पण कायम घोड्यावर बसून आलेला. दारातूनच विचारायचे, "काय मामा, किती?"

"चार द्या, डॉक्टर. पाठ बघवत नाही."

"तुम्ही म्हणता म्हणजे चारच," असं म्हणून डॉक्टर सही ठोकायचे आणि पुढच्या दाराला जायचे. ससे वाचायचे. औषध बाद व्हायचं. बाद झालं तर झालं, त्रासदायक औषध माणसांपर्यंत न पोचलेलंच बरं, असं सगळेच धरून चालायचे. जास्त मार्कांनी कोणाचं काही बिघडत असेल हे मामांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यांच्या बायकोला अर्थातच सगळे मामी म्हणत. मामी शाळेत गणित शिकवायच्या आणि पेपर तपासताना काठावरच्या पोरांना हळूच वर ओढून घ्यायच्या. "एकदोन मार्कांनी आभाळ कोसळत नाही," असं त्या लाल पेनाचं टोपण लावता लावता म्हणायच्या. मामा समोर बसून शेंगा सोलत ते ऐकायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, हेच तर आपण करतो. नवराबायको दोघंही सढळ हाताने मार्क देणारी. संसार सुरळीत चालला होता.

सशांच्या घरासमोर चाऱ्याची खोली होती. एक दिवस चारा जिन्याखाली गेला, खोलीला पांढरा रंग लागला, दाराला रबर बसलं आणि काचेच्या पेटीतलं एक यंत्र येऊन दाखल झालं. त्याच्यामागोमाग छपाईबाई आल्या. हे नावही संस्थेनेच ठेवलं. बाई कातडी छापायच्या, म्हणून छपाईबाई. पुस्तकात नुसतं चित्र छापतात, या खरोखरची जिवंत कातडी छापतात, असं कळल्यावर लेखा विभागातल्या एकाने आपल्या टकलासाठी मागणीही नोंदवून ठेवली.

मामा सुरुवातीला फटकून वागले. चारा जिन्याखाली नेल्याने त्याला दमट वास लागत होता आणि सशांनी तोंड फिरवलं होतं. पण बाईंनीच एकदा चहाचे दोन कप घेऊन समोरचं दार ठोठावलं. "मामा, चाऱ्याचं ऐकलं मी. माझ्या खोलीतलं एक कपाट कोरडं आहे, त्यात ठेवा," असं म्हणाल्या. मामांचा राग तिथेच विरघळला. विरघळायला तो काही फार घट्ट नव्हता.

मग एकदा बाईंनी त्यांना टोपी, झगा आणि पायांत पिशव्या चढवून आत नेलं. दवाखान्यातल्या ऑपरेशनांत काढून टाकलेले कातडीचे तुकडे बाईंकडे येत. ज्याच्या त्याच्या परवानगीने दिलेले. त्यांतल्या पेशी सुट्या करून बाटल्यांत गुलाबी पाण्यावर वाढवायच्या. बाटल्या ठेवायच्या कपाटात आणि कपाटाची ऊब बरोबर माणसाच्या अंगाएवढी. पेशी पुरेशा झाल्या की त्या मऊ जेलीत कालवायच्या आणि यंत्राच्या सिरिंजमध्ये भरायच्या. यंत्राने सुई खाली आणली आणि ती रेघा ओढू लागली, केकवर क्रीमने नाव लिहितात तशी. एक थर, त्यावर आडवा दुसरा थर. खालच्या थरात कातडीला बळ देणाऱ्या पेशी, वरच्या थरात झाकण होणाऱ्या.

"आता हिचे पाय पाण्यात ठेवायचे आणि डोकं हवेत," बाई म्हणाल्या. "थोड्या दिवसांत वरचा पापुद्रा वाळून घट्ट होतो. आपल्या कातडीचा होतो तसाच."

मामांनी वाकून बघितलं. बशीत शर्टाच्या बटणाएवढे गोल गोल तुकडे होते, दुधावरच्या सायीच्या रंगाचे. "आणि ही जिवंत?"

"जिवंत. पुढेमागे भाजलेल्या माणसाला लावता यावी, हे तर आहेच. आत्ता तिच्यावर औषध लावून बघायचं. मग धुवायचं आणि खालून हे पिवळं पाणी द्यायचं. पेशी जिवंत राहिल्या असतील तर त्या पिवळ्याचं जांभळं करतात. मेल्या असतील तर पिवळं ते पिवळंच राहतं. किती जांभळं झालं ते यंत्र मोजतं."

"म्हणजे मार्क यंत्र देतं?"

"यंत्र देतं."

"आणि हिला दुखत नाही?"

"कशाने दुखणार, मामा? हिला नसा नाहीत, मेंदू नाही."

"कान पण नाहीत," मामा म्हणाले आणि बराच वेळ त्या बशीकडे बघत राहिले. त्यांना काय वाटलं ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी त्यांनी मामींना हजारदा सांगितलं की दुखत नाही, अजिबात दुखत नाही.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं. तीच औषधं सशांवर आणि छापलेल्या कातडीवर, दोन्हींवर लावायची. दोघांचे निकाल जुळले तर यापुढे ससे आणायचे नाहीत, आहेत ते घरोघर द्यायचे आणि सशांचं घर बंद. जुळले नाहीत तर यंत्र परत जाणार, त्या खोलीत पुन्हा चारा आणि सशांची नवी खेप. मामांची निवृत्ती दाराशी आली होती. आपण जायच्या आधी हे पिंजरे रिकामे व्हावेत, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात शिल्लक होती आणि ती आता कुठे खरी होण्यासारखी दिसत होती. छपाईबाईंचं यंत्र चालावं म्हणून मामा जेवढा जीव टाकत होते तेवढा बाईसुद्धा टाकत नसतील.

तपासणी सुरू झाली. साध्या गोष्टी जुळल्या. ज्याने काहीच होत नाही त्याने सशालाही काही झालं नाही आणि कातडीलाही. ज्याने आग व्हावी त्याने दोन्हीकडे आग झाली. घोडं अडलं ते मधल्या औषधांत. कातडी म्हणायची, चालेल. ससे म्हणायचे, छे. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. मामा खिडकीत बसून पूर्वीसारखेच मार्क देत होते. हाताला वळण पडलेलं असतं, ते हाताला विचारून पडत नाही.

बाईंच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. "माझ्या कातडीला काहीतरी कमी आहे, मामा," त्या एकदा चहा घेताना म्हणाल्या. "सशांना जे कळतं ते हिला कळत नाहीये. आता एकच करते. जे जहाल आहे हे पक्कं ठाऊक आहे असं काहीतरी लावून बघते. त्याने तरी हिला जाग येते का बघू."

"असं काय आहे पक्कं ठाऊक?"

बाई हसल्या. "माझंच मलम. तुम्हाला सांगितलं नाही ना कधी? छपाईच्या आधी मी मलमं करायचे. बाबा अंथरुणाला खिळले होते. पाठीला, टाचांना जखमा झालेल्या, भरतच नव्हत्या. तेव्हा मी मलम केलं. चांगलं होईल असं वाटलं होतं मला. तपासायला इथेच पाठवलं, तुमच्याच सशांकडे. निळ्या झाकणाची डबी होती."

मामांनी कप बशीत ठेवला.

"चार मार्क पडले," बाई म्हणाल्या. "सुरुवातीलाच थांबवावं लागलं. मी तेव्हा फार रडले. पण मग वाटलं, बरंच झालं. मी ते तसंच बाबांच्या पाठीला चोळलं असतं तर? उघड्या जखमेवर? तुमच्या सशांचे उपकारच आहेत माझ्यावर."

मामांना डबी आठवत होती. निळं झाकण आठवत होतं. ज्याच्या पाठीला लावलं तो पोटोबाही आठवत होता आणि आठवायला लांब जायला नको होतं, कारण तो अजून समोरच्याच खोलीत होता. म्हातारा आणि शांत, म्हणून नव्या सशांना धीर यावा यासाठी मामांनी त्याला ठेवून घेतला होता. तेव्हा पोटोबा नुकताच तापातून उठला होता, बरगड्या हाताला लागत होत्या. पट्टी सोडली तेव्हा त्याची पाठ जेमतेम गुलाबी होती, नखाने खाजवल्यावर होते तेवढीच. मामांनी दारातल्या डॉक्टरांना चार सांगितले होते.

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि पिंजरे धुवायचे राहिलेत असं सांगून ते उठले. पिंजरे सकाळीच धुतले होते.

बाईंनी जुन्या कृतीने मलम पुन्हा घोटून आणलं. ते सशांवर लावायची गरजच नव्हती, त्यांचा निकाल ठाऊक होता. छापलेल्या कातडीवर लावलं, धुतलं, पिवळं पाणी दिलं. मामा काहीतरी निमित्त काढून दारात येऊन उभे राहिले. एकेका बशीत जांभळं चढत गेलं. गडद, दाट जांभळं.

बाई स्टुलावर बसल्या. "मुर्दाड आहे," त्या म्हणाल्या. "एवढं जहाल मलम लावलं तरी हूं नाही की चूं नाही. मुर्दाड कातडी केली मी, मामा. आता सोमवारी साहेबांना सांगून टाकते. उगाच लोकांचा वेळ खाण्यात अर्थ नाही."

निघताना मामांनी बाईंना न विचारता डबीतलं बोटभर मलम कागदावर घेतलं आणि कागद खिशात घातला.

घरी आल्यावर त्यांनी डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, ते मलम लावलं आणि जाळीचं कापड ठेवून पट्टी बांधली. मामी पेपरांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आता तुम्हीच ससा झालात का?"

मामांनी मग सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, एवढ्या वर्षांची गोष्ट असूनही. मामींनी पेन खाली ठेवलं.

"तूही देतेस की वाढवून," मामा म्हणाले. ते जरा रागानेच म्हणाले.

"मी देते," मामी म्हणाल्या. "मी वाढवून दिले की एक पोरगं पास होतं. तुम्ही वाढवून दिलेत तेव्हा नापास कोण झालं?"

मामांनी पट्टीची गाठ पुन्हा आवळली. त्या रविवारी ते दिवसभर हाताकडे बघत होते. खरं सांगायचं तर हात लाल व्हावा म्हणून ते वाट बघत होते. आग व्हावी, फोड यावा, निदान खाज तरी सुटावी. हात लाल झाला असता तर मामा बरोबर ठरले असते, डोळे बरोबर ठरले असते आणि सोमवारी नेहमीसारखं कामावर जाता आलं असतं. संध्याकाळी त्यांनी पट्टी सोडली. हात पूर्वी होता तसाच होता, उलट मलमामुळे तेवढी जागा जरा मऊ झाली होती.

सोमवारी बाई सिरिंजा धुऊन पुसून खोक्यात भरत होत्या. मामांनी आत येऊन बाही वर केली.

"काय झालं? लागलं का कुठे?" बाईंनी विचारलं.

"काही झालं नाही, बाई. तेच दाखवतोय. तुमचं मलम लावलं होतं, शनिवारपासून."

"मामा, असं कोणी करतं का! एवढं जहाल मलम..."

"जहाल नाहीये ते."

"अहो, एका हाताने काय ठरतं? तुमची कातडी राठ, सशाची नाजूक. सशांच्या पाठी कशा झाल्या होत्या ते तर..."

"नव्हत्या झाल्या," मामा म्हणाले. "एक मार्क होता. जेमतेम एक. चार मी दिले."

बाईंना ते लगेच कळलं नाही. त्यांच्या हातात सिरिंज तशीच होती. "म्हणजे?"

"एक दिला असता तर महिनाभर रोज लावावं लागलं असतं. पोटोबा नुकताच तापातून उठला होता. त्याला सोसलं नसतं."

"कोण पोटोबा?"

"ससा," मामा म्हणाले. आणि तो शब्द त्या पांढऱ्या खोलीत फारच लहान वाटला.

बाईंचं डोकं पुढे धावलं, त्यांच्या कामाने त्यांना ती सवय लावली होती. "आणि आत्ताची? मधली सगळी? ज्यांत जुळत नव्हतं?"

"त्यांनाही. सगळ्यांनाच थोडे थोडे वाढवून. कायमच."

"कायमच," बाई म्हणाल्या. त्यांनी सिरिंज खोक्यात ठेवली, सिंकपाशी जाऊन हात धुतले. हात स्वच्छच होते. "बाबांना शेवटी शेवटी कूस बदलवत नव्हती," त्या नळाकडे बघत म्हणाल्या. मग नवे हातमोजे घातले आणि खोक्यातल्या सिरिंजा एकेक करून परत बाहेर काढायला लागल्या. मामांना त्यांनी जा म्हटलं नाही की थांबा म्हटलं नाही. मामा थोडा वेळ उभे राहिले आणि मग गेले.

मनातलं बोलून टाकलं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मामांना तसं काही वाटलं नाही. ते सशांच्या घरात गेले, पोटोबाच्या पिंजऱ्याशी बसले आणि त्यांना फार वाईट वाटलं. सशांबद्दल नाही, स्वतःबद्दलही नाही. एका म्हाताऱ्या माणसाबद्दल, ज्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि ज्याची पाठ त्यांनी कधी मांडीवर घेतली नव्हती.

पुढचं सगळं रीतसर झालं. मोठ्या साहेबांनी मामांना बोलावलं आणि आवाज न चढवता इतकं बोलले की चढवला असता तर बरं झालं असतं. जनावरांचे डॉक्टर, ज्यांची प्रत्येक कागदावर सही होती, पंधरवडाभर कोणाच्या नजरेला नजर देईनात. मार्क देण्याचं काम मामांकडून काढून घेतलं. बाहेरून एक तपासनीस बाई आल्या. त्यांना कोणत्या सशाला काय लावलंय हे सांगायचंच नाही, असं ठरलं. मामांनी फक्त ससा धरायचा. त्यांनी मान दुसरीकडे वळवून ससे धरले. पोटोबाला म्हातारपणामुळे वगळलं होतं, बाकीच्यांना मात्र सगळं सोसावं लागलं. मधली औषधं त्यांच्या पाठींवर पहिल्यांदाच आठवडेच्या आठवडे राहिली. कान मागे पडलेले मामांना न बघताही कळत होते.

निकाल जुळले. एकदोन सोडले तर सगळे जुळले. छापलेली कातडी मुर्दाड नव्हती, ती खरं बोलत होती. साहेबांनी शब्द पाळला. नवी खेप रद्द झाली आणि ससे एकेक करून संस्थेतल्या लोकांच्या घरी जायला लागले. लेखा विभागातल्या टकलूने चक्क दोन नेले.

मामांना निवृत्तीपर्यंत छपाईच्या खोलीत बश्या धुवायचं काम दिलं होतं. आता तिथे जुनी औषधं येत होती. सशांनी बाद केलेली, म्हणजे मामांनी बाद केलेली, कुठल्या कुठल्या कपाटांतून शोधून आणलेली. ती छापलेल्या कातडीवर पुन्हा लावून बघत होते. काही खरोखरच वाईट होती, त्यांच्या बश्या पिवळ्या राहायच्या आणि मामांना त्या दिवशी जरा जेवण जायचं. पण बऱ्याच बश्या जांभळ्या व्हायच्या. कोणतं औषध कशासाठी होतं हे बशीवर लिहिलेलं नसायचं आणि मामाही विचारायचे नाहीत. बशी जांभळी दिसली की ते ती नळाखाली धरायचे. तो रंग निघायला वेळ लागतो.

छपाईबाई त्यांच्याशी वाईट वागल्या नाहीत. कामापुरतं बोलायच्या, नीट बोलायच्या. फक्त 'मामा' म्हणायच्या नाहीत. "अहो, ती बशी इकडे द्या." "अहो, झालं का?" बाकी सगळी संस्था मामा म्हणत होती, तरी मामांचा कान त्या एका 'अहो'कडेच लागलेला असायचा.

शेवटी पोटोबा राहिला. त्याला कोणी मागत नव्हतं आणि मामा देणारही नव्हते. निवृत्तीच्या दिवशी चहा, भाषण, घड्याळ वगैरे उरकल्यावर मामा टोपली घेऊन सशांच्या घरात गेले. सगळे पिंजरे उघडे होते. खिडकीतून ऊन थेट दारापर्यंत आलं होतं, मध्ये अडवायला काही नव्हतं. त्यांनी पोटोबाला उचललं तेवढ्यात दारात छपाईबाई उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत त्या या खोलीत कधी आल्या नव्हत्या.

"हाच का तो?"

"हाच."

बाई जवळ आल्या. पोटोबाने डोळे अर्धे मिटले. बाईंनी त्याला हात लावला नाही, पण त्यांची नजर खाली गेली. वर्षानुवर्षं जाळीवर बसून त्याच्या मागच्या टाचांचे केस गेले होते आणि कातडी सोलवटून लाल झाली होती. मामा रोज साध्या व्हॅसलिनने निभावून नेत होते. बाई समोरच्या खोलीत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात निळ्या झाकणाची डबी होती.

"टाचांना लावा. सकाळ-संध्याकाळ."

"सशाला चालेल ना?" मामांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"चालतं," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडेच तपासलंय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. मामांनी डबी घेतली, टोपलीत पोटोबाच्या शेजारी ठेवली आणि टोपलीवर झाकण घातलं.

घरी पोटोबासाठी जुनी सतरंजी घडी करून अंथरली होती. त्याने आयुष्यात पहिल्यांदा मऊ जमिनीवर पाय ठेवला आणि दिवसभर तो तिथून हललाच नाही. मामा सकाळ-संध्याकाळ टाचांना मलम लावायचे, बोटाच्या टोकाने, हलक्या हाताने. सुरुवातीला फरक दिसेना. मग खपली धरली, मग खपली सुटली. एका सकाळी मामींनी पोटोबाला मांडीवर उताणा धरला आणि मामांनी चष्मा पुसून खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला. दोन्ही टाचांवर नवी कातडी आली होती, जेमतेम गुलाबी.

"किती?" मामींनी विचारलं.

मामांनी उत्तर द्यायची घाई केली नाही. पोटोबाचा पाय हातात घेऊन उजेडात धरला, या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. पोटोबाची धडधड मामींच्या मांडीत होती, मामांच्या तळहाताला ती लागत नव्हती. तरी त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना चष्मा काढून पुन्हा पुसावा लागला.

"एक," ते म्हणाले.